शिळं वजन

आदरणीय साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना नमस्कार. तुमचे गुडघे आता बरे असतील. इथे माझी मान सकाळपासून ताठ आहे, पण ते दुखणं नव्हे, अभिमान आहे!

आज आपल्या वजनकाट्याला सील लागता लागता राहिलं. भंगारवाला भरला ट्रक तोलून गेला, मागून दूधवाल्याचा रिकामा टेम्पो चढला, आणि कॉम्प्युटरवर वजन भंगाराचं! (टेम्पोत एकटा दूधवाला. जाड आहे, पण इतका नाही.) "शेठ, काट्यात भूत की पोटात पाप?" असं चारचौघांत ओरडून त्याने थेट वजनमापवाल्या साहेबांना आणलं. साहेबांनी सीलची पक्कड काढली. हमाली करून उभा केलेला माझा काटा, साडूभाऊ! मी म्हटलं, टेम्पो एकदा पुन्हा चढवू द्या. आणि कान टवकारले. काटा स्थिरावला की टुक्क करतो. इथे टुक्क व्हायच्या आधीच पडद्यावर आकडा हजर! म्हणजे हा आधीपासून आत दबा धरून बसलेला.

लगेच तुमच्या लेकीला फोन (काट्याच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम तिचाच). "अगं बाई! काका, काटा वायरीतून सारखे आकडे पाठवतो. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर (ट्रकचा नव्हे) ते झेलून रांगेत ठेवतो, एकही सांडू नये म्हणून. आणि माझा प्रोग्राम रांगेतला पहिला उचलतो. म्हणजे सगळ्यांत शिळा!"

"मग तोलण्याआधी रांग ओतून दे की!"

"तेच करतेय, जरा दम धरा."

पोरीने घरबसल्या दोन ओळी घातल्या. पुढचा ट्रक चढला. आधी टुक्क, मग आकडा, आणि काट्यावर तोच, पडद्यावरही तोच! साहेबांनी पक्कड खिशात घातली. म्हणाले, "इतका खरा काटा माझ्या पाहण्यात नाही." दूधवाला माझ्या पाया पडायचाच काय तो बाकी होता.

आपला,
काटेकोर साडू

ता. क. तो पुढचा ट्रक तुमच्या खडीचा होता. तुम्ही सांगितल्यापेक्षा टनभर कमी भरला. काटा पुन्हा बिघडला म्हणणार होतो, पण साहेबांनी नुकतीच तारीफ केली होती.

ता. क. दुसरा. साहेब इथून तुमच्याच खडीच्या खाणीकडे निघायच्या बेतात आहेत. हे खरं तर वरच लिहायचं, पण विजयाच्या भरात राहिलं. तुमचा फोन लागेना, म्हणून पत्र तुमच्याच ट्रकवाल्याकडे देतोय. साहेबांना तिसरा चहा पाजलाय. चौथा ते घेत नाहीत म्हणे.