मी नसताना घरात कोण येतं

ट्युनिस,
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

प्रिय डंकन,

तुझी सर्दी गेली असेल असं धरून चालते. रविवारी फोनवर तू म्हणालास, ॲबर्डीनच्या मुख्य कचेरीत सगळं झकास चाललंय, वरचे लोक खूश आहेत, कदाचित नाताळपर्यंत थांबवून घेतील. मी म्हटलं, "छान." तूही म्हणालास, "छान." मग आपण हवामानावर बोलत बसलो. इतक्या वर्षांच्या संसारात आपण हवामानावर एवढं कधी बोललो नव्हतो. म्हणून आज फोन बाजूला ठेवला आणि कागद घेतला.

आधी इथली खबर. राहण्याच्या परवान्याचं कार्ड अजून आलेलं नाही. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी पुन्हा तोच चिटोरा दिला, त्यावर नवा शिक्का मारला, आणि कार्ड कधी येईल म्हणून विचारलं तर "घोदवा, इन्शाल्ला." हा त्यांचा 'उद्या' आपण आल्यापासून उगवलेला नाही. बँक म्हणते आधी कार्ड आणा, मग खातं उघडू; ठाणं म्हणतं आधी खातं दाखवा, मग कार्ड देऊ. माझ्या बहिणीने पाठवलेली चहाची आणि ओटच्या बिस्किटांची पेटी बंदरावर अडकून पडली आहे. तिथल्या माणसाने विचारलं, "एवढा चहा? विकायचा विचार आहे का?" मी म्हटलं, प्यायचा विचार आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच क्षणभर माझा संशय आला. लिफ्ट बंद आहे. पाव घ्यायला रांग नावाचा प्रकार अजूनही नाही. परवा एका आजोबांनी माझ्या काखेखालून हात घालून माझाच पाव उचलला आणि वर मलाच आशीर्वाद दिला.

हे सगळं तुला मुद्दाम सांगते आहे. कारण एके काळी हे रडगाणं आपण दोघं मिळून गायचो. तू संध्याकाळी दारातून आत यायचास तोच बडबडत. आज अमक्याची सही राहिली, तमका नाश्त्याला गेला तो परतलाच नाही, समुद्राचं पाणी गोडं करायला निघालो आणि एका शिक्क्यासाठी आठवडा गेला. मी जेवण वाढता वाढता हसायचे. आणि मग ह्या वसंतात कधीतरी तू तक्रार करणं थांबवलंस. एकदम. कचेरीत कसं चाललंय म्हटलं की "बरं चाललंय." डंडीचा स्कॉटिश माणूस परदेशात राहून कुरकुर करेनासा झाला, म्हणजे कुठेतरी काहीतरी शिजतंय, एवढं मला कळतं.

त्याच सुमाराला घरात ते सुरू झालं. मी शाळेतून यायचे तर ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले. आपण कप कधी पालथे घालत नाही. साखरेच्या डब्याची पातळी माझ्या हिशोबापेक्षा खाली. स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीकडे तोंड करून. आणि वास. मंद, गोडसर, संत्र्याच्या फुलांचा. असा वास माझ्याकडच्या कुठल्याच बाटलीला नाही. मी रात्री जेवताना तुला सहज विचारलं, "आज कोणी आलं होतं का घरी?" तू म्हणालास, "नाही. कोण येणार?" तुझं 'नाही' फार लवकर आलं, डंकन. माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

शाळेत मी राऊधाला सांगितलं. ती माझ्या शेजारच्या वर्गावर फ्रेंच शिकवते, तिला तू ओळखतोस. ती मोठ्याने हसली. "अगं बाई, तुला काय वाटलं, घरमालकाने सगळ्या किल्ल्या तुम्हाला दिल्या? नूरेद्दीनच येत असेल, भिंती आहेत का पडल्या ते बघायला." मलाही पटलं. तो तसाही मला पहिल्यापासून गुळगुळीत वाटत होता. करार करताना छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "हे माझ्या आईचं घर, मादाम. आई आता इथे नाही." आपण दोघांनी केवढे चेहरे पाडले होते! तू तर त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. पण नूरेद्दीन संत्र्याच्या फुलांचं अत्तर कशाला लावेल? आणि दोन कप कशाला घेईल?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दिवसभर घरी, तेव्हा सगळं थांबलं. कप नाही, वास नाही. ह्याने मला बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. म्हणजे जो कोणी येतो, त्याला माझ्या येण्याजाण्याच्या वेळा ठाऊक आहेत. आणि त्या वेळा ठाऊक असलेला माणूस एकच. उन्हाळ्यात सगळ्या शहरातल्या कचेऱ्या दुपारीच बंद होतात. तू मात्र संध्याकाळी यायचास, टाय लावलेला, आणि बुटांत वाळू. तू न्हाणीघरात गेलास की मी तुझे बूट उलटे करून झटकायचे. मूठभर बारीक समुद्राची वाळू. ठाण्यातून नवरा कुठे नोकरी करतो त्याचा दाखला मागत होते, तर तू दर वेळी म्हणायचास, "तू जाऊन ये, मला बैठक आहे." मी तुझ्या कोटाचा वास घेतला आहे. एकदा नाही, अनेकदा. ह्या वयात. सप्टेंबरात शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात कप पुन्हा पालथे.

मग तू ॲबर्डीनला गेलास, आणि मला वाटलं, आता घर आपोआप खरं बोलेल. तू गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी आले तर खुर्ची खिडकीकडे. कप मात्र एकच. मी तिथेच, ओट्याला टेकून, पिशवी हातात धरून किती तरी वेळ उभी राहिले. तू नसतानाही ती येते. तिच्याकडे स्वतःची किल्ली आहे. तुझ्या खुर्चीत बसून ती एकटी कॉफी पिते. मी नूरेद्दीनला फोन केला. तो म्हणाला, "मादाम, शपथ घेतो, माझ्याकडची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुम्ही एकट्या राहता, माणसाला एकटेपणी भास होतात." भास! राऊधाच्या चुलतभावाला बोलावून मी त्याच संध्याकाळी कुलूप बदललं. तुला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तिला कळलं असतं.

गेल्या बुधवारी शाळा लवकर सुटली. मी जिने चढून वर आले तर आपल्या दारासमोर एक म्हातारी. पांढरी चादर डोक्यावरून घेतलेली, पायाशी टोपली, आणि हातातली किल्ली कुलपात घालून जोर लावतेय. मला बघून ती दचकली नाही. उलट मीच चोर असल्यासारखी तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि फ्रेंचमध्ये म्हणाली, "कुलूप तू बदललंस?"

मी ओरडले. पोलिसांना बोलावते म्हणाले, फ्रेंच संपल्यावर आपल्या बोलीत ओरडले. शेजारची दोन्ही दारं उघडली. समोरच्या बाईंनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "लल्ला खदूजा! तुम्ही?" आणि माझ्याकडे वळून, "अहो, पोलीस कसले बोलावता? हे त्यांचं घर आहे." म्हातारी हळूहळू पायरीवर बसली आणि गुडघे चोळत म्हणाली, "घर होतं. आता माझ्या नूरेद्दीनचं आहे, आणि भाडं ह्या पोरीचं."

ती मेलेली नाही, डंकन. 'आई आता इथे नाही' ह्याचा अर्थ तेवढाच होता. ती आता मुलाच्या नव्या घरी असते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे सून तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, गॅस चालू राहील म्हणून. तिने मुलाच्या खणातल्या किल्लीवरून दुसरी करून घेतली. मुलाला सांगते, बहिणीकडे जाते. बहीण वारून दोन हिवाळे झाले, पण मुलाला विचारायला फुरसत नाही. दोन बस बदलून ती इथे येते, आपल्या खिडकीत बसून एक कॉफी पिते, आणि जाते. "साखर तुझी घेतली," ती म्हणाली. "कॉफी माझी मी आणते. तुझी कॉफी म्हणजे नुसतं पाणी असतं, पोरी."

मी दार उघडलं. दुसरं काय करणार होते? ती आत आली ती सरळ स्वयंपाकघरात, मला न विचारता कप कुठे आहेत ते तिला ठाऊक. टोपलीतून फुलांच्या अर्काची बाटली काढून कॉफीत दोन थेंब टाकले आणि तो वास पसरला. कोटांमध्ये, उशीवर, तुझ्या गळ्याशी मी महिनोन्‌महिने जो शोधत होते तो. मला हसू यायला लागलं. इतकं हलकं वाटलं, की ह्या बाईला मिठी मारावी. मनात म्हटलं, आज संध्याकाळीच तुला फोन करून सगळा मूर्खपणा सांगायचा, आणि दोघांनी पोट दुखेपर्यंत हसायचं.

तेवढ्यात तिने कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "आणि मुस्यू दुंकान? तिकडे तरी मिळालं का काही काम बिचाऱ्याला?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने हात तोंडावर नेला. "या रब्बी, देवा रे. मला वाटलं, जाण्याआधी तरी त्याने तुला सांगितलं असेल."

मग सगळं तिच्याकडून ऐकलं, तुझ्याकडून नाही. मार्चमध्ये तुमचा गोड्या पाण्याचा प्रकल्प गुंडाळला गेला. तू सकाळी टाय लावून निघायचास, कोपऱ्यावरच्या कॅफेत बसून मी शाळेला जाताना बघायचास, आणि परत वर यायचास. एक दिवस ती किल्लीने आत शिरली तर तू टेबलाशी, डोकं हातात धरून. ती म्हणते, तू तव्याकडे धावलास आणि ती चपलेकडे. "दोघांना वाटलं दुसरा चोर. मग मी म्हटलं, पोरा, चोर टाय लावून रडत नाही." तू तिच्याकडून वचन घेतलंस, तिने तुझ्याकडून. तू तिला कांदे चिरून द्यायचास. उन्हाळ्यात मी घरी, घर हातचं गेलं, तर ला गुलेतच्या किनाऱ्यावर वाळूत बसून राहायचास, दिवस दिवस. ती म्हणते तुझी फ्रेंच भयंकर आहे, पण दुःखाचे शब्द तुला सगळे येतात.

मला वाटलं होतं, बाई नाही म्हणजे सगळं मिटलं. पण खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं, बाई असती तरी चाललं असतं. तिच्यावर ओरडता आलं असतं. ह्या ऐंशीच्या घरातल्या म्हातारीवर मी काय ओरडू, जिच्यासमोर तू रडलास आणि माझ्यासमोर नाही? आपण ज्या टेबलावर रोज जेवतो, त्याच टेबलावर तू एका परक्या बाईला तुझं मन दिलंस आणि मला "बरं चाललंय" दिलंस. तिने तेही ओळखलं असावं. म्हणाली, "माझ्यासमोर रडणं सोपं होतं गं. मी त्याची कोणी नव्हते." आणि मग माझा हात धरून बसून राहिली. तिची शेवटची बस चुकायला आली तेव्हा उठली.

दुसऱ्या दिवशी नूरेद्दीन धावत आला. शेजारणीने फोन केला असणार. माफी मागायला तोंड उघडलं, तर मी म्हटलं, "तुमच्या आईला मी नवी किल्ली दिली आहे. चोरून येणं बंद, बेल वाजवून येतील." तो लाल झाला. "मादाम, लोक काय म्हणतील, मी आईला भाडेकरूच्या घरी पाठवतो?" मी म्हटलं, "लोकांना सांगा, मैत्रिणीकडे जाते. ते खरं आहे." जाताना विचारलं, "ती इथे काय करते?" मी म्हटलं, बसते. तो म्हणाला, "आमच्याकडे पण बसते." मग स्वतःचंच बोलणं ऐकू आल्यासारखा घाईने जिना उतरून गेला.

आता हे सगळं फोनवर का नाही सांगितलं ते सांगते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे. फोनवर मी विचारलं असतं आणि तू लगेच 'नाही' म्हणाला असतास. ते 'नाही' मला पुन्हा ऐकायचं नाही. ॲबर्डीनला कचेरी नाही, वरचे लोक नाहीत. तू तुझ्या भावाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहून नोकरीसाठी दारं ठोठावतो आहेस, हेही मला लल्ला खदूजांकडून कळलं आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे. शाळेने मला पुढच्या वर्षासाठी पूर्ण वेळ ठेवलं आहे, आपलं भागेल. नोकरी न मिळताच परत ये. पण येण्याआधी एवढं कर: आणखी काही लपवलं असशील, लहान असो मोठं असो, ते तुझ्या हाताने लिहून पाठव. जे लिहिशील ते मी खरं मानेन, पुन्हा बूट झटकणार नाही. तू कुठे कमी पडलास ह्याचं मला काही नाही, डंकन. पण ह्या देशात माझ्या ओळखीचं माणूस एकच होतं, आणि मी त्याच्यावर पाळत ठेवत होते. मी इतकी एकटी कधीच नव्हते.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
एल्स्पेथ