चुकीचं सांगणारं माणूस

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोन हाताशी असताना ही बया कागद कशाला काळे करतेय, असं तू वहिनीला विचारशील आणि ती म्हणेल, आधी वाचा तरी. तर वाच. चहा घेऊन बस, कारण मी एकदा सुरू झाले की लवकर थांबत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आधी नव्या जागेचं सांगते. आमचं समुपदेशन केंद्र आता मोठ्या रस्त्यावर आलंय. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. रोज कुणी ना कुणी जिना चुकून वर येतं आणि माझ्यासमोर बसून म्हणतं, जवळचं नीट दिसत नाही हो. एका आजोबांनी तर पोटभर बोलून घेतलं, डोळे पुसले आणि मग म्हणाले, आता फ्रेमा दाखवा. माझ्या कामाला तू 'पगारी गप्पा' म्हणतोस हे मी आमच्या प्रमुखांना, म्हणजे मोठ्या बाईंना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या स्वतःच आता तसं म्हणायला लागल्यात. माझी खोली लहानशीच आहे. दोन खुर्च्या, एक खिडकी आणि आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दाराला जाड कापड ठोकलेलं. बाईंचा नियम असा की माणूस एकटा आत, दार बंद, घरचे बाहेर. नियम चांगलाच आहे. घरच्यांपुढे ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही अशी कितीतरी माणसं त्या दाराआड मोकळी झालेली मी पाहिली आहेत. पण गेल्या महिन्यात एका माणसापुढे त्या दारानेही हात टेकले.

तो सोफे शिवतो. मूळचा दूरच्या मुलखातला. त्यांची बोली वेगळी, देव वेगळे, रीतभात वेगळी, पण अर्धं आयुष्य इथे गेल्यामुळे आपली भाषा तुझ्यामाझ्यासारखी बोलतो. म्हणजे बोलत असावा, कारण आमच्याकडे तो बोललाच नाही. आला तो अख्खं खटलं घेऊन. बायको, दोन मुलगे, सुना, मेव्हणी, शिवाय कोण कुणाचं ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. जिन्यावर एवढा दणदणाट झाला की खालचा चष्मेवाला बाहेर येऊन बघायला लागला. दुकान महिनोन्महिने जवळजवळ बंदच आहे, जेवण तुटलंय, माणूस झिजत चाललाय, एवढं त्याच्या बायकोने दारातच सांगितलं आणि मी नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर बसवलं. आत हा एकटा. झोप कशी आहे? ठीक. भूक? ठीक. मन? ठीक आहे, बाई. आमची प्रश्नावली भरली तर असं निघालं की एवढा सुखी माणूस अख्ख्या गावात सापडायचा नाही. दुसऱ्या वेळीही तेच. फक्त जाताना त्याने माझ्या खुर्चीची स्प्रिंग गेलीय एवढं सांगितलं. बाई म्हणाल्या, अजून एकदा बघू. तो बोललाच नाही तर आपण काय करणार? बाहेर किती जण ताटकळलेत. मला तो हाडं वर आलेला हात दिसत होता आणि आपण हे दार लावून घेतलं की हा माणूस दुसरं दार ठोठावायला जाणार नाही, हेही दिसत होतं.

मध्येच एक आठवण घुसडते, रागावू नकोस. आपण शेजाऱ्यांची सायकल पळवली होती ते आठवतंय? तू चालवत होतास, मी मागे कॅरिअरवर. उतारावर ब्रेक लागेना आणि आपण थेट न्हाव्याच्या दुकानात घुसलो. तू भोकाड पसरलंस आणि मी शहाण्यासारखी तुझं बोट धरून तुला घरी आणलं. ही गोष्ट मी जन्मभर सांगत आले आणि जन्मभर तू मला मध्येच तोडत आलास, की थापाडे, न्हावी नव्हता, शिंपी होता, आणि रडत तू होतीस. माझ्या लग्नात पाहुण्यांसमोरसुद्धा तू सोडलं नाहीस. मागच्या रविवारी फोनवर मी तीच गोष्ट तुला परत सांगितली, न्हाव्यासकट, रडण्यासकट. तू म्हणालास, "हं. असेल." तो फोन ठेवला आणि मी लगेच वहिनीला लावला. बरं, ते राहू दे. सोफेवाल्याकडे येते.

तिसऱ्या वेळीही त्याची 'ठीक आहे'ची माळ सुरू झाली होती. तेवढ्यात दार ढकलून मेव्हणी आत आली. सगळ्यांना बाहेर काढताना तिची पिशवी आत राहिली होती. पिशवी उचलता उचलता बाईसाहेब म्हणतात कशा, "यांनी सांगितलं का तुम्हाला? दुकानात भूत आहे! हे दिवसभर त्याच्याशी बोलतात आणि धाय मोकलून रडतात." आणि दादा, त्या खुर्चीतून आवाज आला, "भूतबित काही नाही. आणि मी रडत नाही." मेव्हणी कसली ऐकतेय? म्हणाली, वा, मग बोलता कुणाशी? त्यावर तो खाली बघत म्हणाला, "धर जरा, एवढंच म्हणतो. सवयीने." सोफ्याचं कापड ताणायला दोन माणसं लागतात, एक ओढून धरतो आणि दुसरा ठोकतो. त्याच्या समोर बसून आयुष्यभर कापड धरणारा भागीदार गेल्या वर्षी वारला. हा अजूनही 'धर जरा' म्हणतो, पलीकडे कुणी धरत नाही आणि कापड हातातून सुटतं.

मी त्याला विचारलं, यांना बसू दे का? त्याने मान डोलावली. मग काय, मेव्हणी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीच्या कट्ट्यावरच बसली. ती म्हणाली, चार महिने अन्नाला शिवले नाहीत. तो म्हणाला, दोन घास खातो, सून ताटाशी बसली तर. ती म्हणाली, दुकान विकायला काढलंय. तो म्हणाला, विकणार नाही, पण किल्ली खिशात ठेवतो आणि बहुतेकदा अर्ध्या रस्त्यातून परत येतो. ती राईचा पर्वत करत होती, तो पर्वताची राई करत होता, आणि प्रश्नावलीत जे कधीच आलं नसतं ते सगळं माझ्यासमोर येत होतं.

बाहेर त्याच्या बायकोने मला समजावलं. त्यांच्यात आपलं दुःख आपल्या तोंडाने सांगणं म्हणजे दारोदार हात पसरण्यासारखं मानतात. दुसऱ्याने सांगायचं. मात्र सांगण्यात चूक झाली तर ती सुधारणं हे ज्याचं दुःख त्याचं कर्तव्यच, त्यात कमीपणा नाही. मी म्हटलं, अहो, मग तुम्हीच का नाही सांगितलंत, तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. ती हसली. म्हणाली, तीच तर अडचण आहे. मी खरं सांगते. मी सांगितलं की हे मान डोलावून गप्प बसतात, सुधारायला काही उरतच नाही. म्हणून आमच्यात अशा वेळी चुकीचं सांगणारं माणूस नेतात, आणि या कामात माझ्या बहिणीचा हात धरणारं कुणी नाही. तिला तर लांबलांबून बोलावणी येतात!

मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग स्वतःच शेजारच्या खोलीतून तिसरी खुर्ची उचलून घेऊन आल्या. आता पहिल्या भेटीत आमचा पहिला प्रश्न असतो, तुमचं कोण सांगणार? एक पोरगी ताडकन म्हणाली, माझं मीच, आणि दार नीट लावा. एका आजींनी देवाचं नाव सांगितलं. त्यांचं कसं करायचं ते अजून ठरायचंय. सोफेवाला अगदी पूर्वीसारखा झालाय असं नाही. काही दिवस अजूनही किल्ली खिशातच राहते. पण दुकानात समोर आता सून बसते. ती कापड इतकं वाकडं धरते की त्याला बोलावंच लागतं. ते ती मुद्दाम करते की काय, हे विचारायची माझी हिंमत नाही. आणि माझ्या खुर्चीची स्प्रिंग त्याने बदलून दिली.

आता पत्राचं कारण. वहिनीने मला सगळं सांगितलंय, पण तिचीही अडचण तीच आहे, ती खरं सांगते आणि तू मान डोलावतोस. म्हणून तुझं मी सांगते. डोळ्यांच्या तपासणीनंतर तुझ्याकडून बस काढून घेतली आणि तुला डेपोच्या ऑफिसात बसवलं, याचा तुला मनातून आनंदच झालाय. नाहीतरी तुला गाडी कधी नीट चालवता आली? चढ आला की प्रवासी उतरून ढकलायचे. सुट्टीच्या दिवशीही तू ड्रायव्हरचा गणवेश घालून खिडकीत बसतोस, तो शेजाऱ्यांवर छाप पाडायला. जेवत नाहीस, कारण वहिनीच्या हाताला चव नाही. तुझं मनबिन काही मोडलेलं नाही आणि तुला कुणाचीच गरज नाही, माझी तर मुळीच नाही. हे मी आता सगळ्या नात्यागोत्यात असंच सांगत सुटणार आहे. चुकलं असेल तर सांग. लिही, फोन कर, नाहीतर वहिनीला घेऊन सरळ इकडे ये. चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या खुर्चीसकट खोली तयार आहे. तुझ्यासमोर माझी सहकारी बसेल, मी फक्त चुकीचं सांगायला असेन. मला फार भीती वाटतेय रे, दादा, म्हणून एवढ्या थापा. आणि एक शेवटचं. तो न्हावीच होता, आणि रडलास तूच.

तुझीच,
थापाडी