नोएलीनच्या लग्नाची बिअर

ओयेन, व्हिक्टोरिया
२० जानेवारी १९६३

चि. म्युरिएल हिस,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

आम्ही इकडे उकडून निघतोय, पण जिवंत आहोत. गव्हाची कापणी उरकली. पर्सीचा गुडघा दुखतो आणि तो दिवसभर त्याच्याबद्दल बोलतो, गुडघा बरा पण बोलणं नको असं झालंय.

मुद्द्याचं लिहिते. आमच्या नोएलीनचं लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी ठरलं. तिने म्हणे बिअरसाठी तुला पत्र घातलं. मला हे सुनेकडून कळलं, तेही वाटाणे सोलताना. गेल्या वर्षी पोरगी तुझ्याकडे हॉपची फुलं खुडायला आली तेव्हापासून तिच्या तोंडी तुझ्याच बिअरचं नाव. तिला मी न्हाऊमाखू घातलं, गोवरात उशाशी बसले, आणि लग्नात प्यायची ती बाराशे किलोमीटरवरच्या मावसआजीची बिअर. चांगलं आहे.

तर तू काही करू नकोस. नवरीची आजी मी आहे, बिअर मी करीन. फक्त आईची कृती नीट लिहून पाठव. आईने ती तुलाच का दिली ते मी आता विचारत नाही. शेवटच्या वर्षांत जो जवळ असतो त्याला सगळं मिळतं.

राग नसावा, असला तर पत्रात दिसू देऊ नये.
तुझी ओलिव्ह

—

न्यू नॉरफोक, टास्मानिया
२९ जानेवारी १९६३

ती. ओलिव्हताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. राग नाही. नोएलीनला मी होकार कळवला होता, आता नकार कळवते.

कृती अशी. माल्टचा एक डबा, कडवटपणापुरती मूठभर हॉपची फुलं, दोन किलो साखर, तांब्याच्या हंडाभर पाण्यात तासभर उकळ. कोमट झालं की यीस्ट घाल. मडक्यात ओतून वर फडकं बांध आणि सावलीत ठेव. आठवड्याने फसफस पुरती थांबली की बाटल्या भर. जाड काचेच्याच घे. प्रत्येक बाटलीत आईच्या चमच्याने एक चमचा साखर, सपाट. पत्र्याचं बूच ठोक आणि तीन आठवडे हात लावू नकोस.

फुलं वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत, आमच्या भट्टीत सुकवलेली. इथे सगळं ठीक. घरात मी आणि मांजर, त्यामुळे भांडण होत नाही.

आठवण ठेवतेसच, तशीच ठेवावी.
तुझी म्युरिएल

—

ओयेन
२२ फेब्रुवारी १९६३

चि. म्युरिएल हिस,
आशीर्वाद अर्धेच पाठवते, बाकीचे राग गेल्यावर.

अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या होत्या. एकोणीस फुटल्या. बुधवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि शेडमधून पहिला आवाज आला. पर्सीला वाटलं कोणी सशांवर गोळी झाडली. मग दुसरा, तिसरा. एक फुटली की शेजारची फुटायची. शेडच्या पत्र्यात आतून काचा रुतल्यात. कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत.

उरलेल्यांचं काय करायचं? पर्सीने क्रिकेटचे पॅड बांधले, यष्टिरक्षकाचे हातमोजे चढवले, डोक्यावर बादली घातली आणि ओली पोती पांघरून आत गेला. एक उघडली तर फेस थेट छताला. बाटलीत उरला घोटभर गाळ. शेजारची ॲव्हिस कुंपणापलीकडून सगळं बघत होती आणि म्हणाली की टास्मानियाची पाहुणी येणार होती ना बिअर घेऊन. मी म्हटलं की तुझा केक बसला होता तेव्हा मी कुंपणाशी आले नव्हते.

कृतीतलं अक्षरही मी बदललं नाही. फसफस थांबेपर्यंत नऊ दिवस थांबले. साखर एक चमचा म्हणजे एकच चमचा, सुरीने सपाट केलेला. तरी तुझी बाटली शहाण्यासारखी उभी राहते आणि माझी बाँब होते. तू काही गाळलंस का? गाळलं असशील तर आत्ता सांग. लग्नाला दोन महिने आहेत. नोएलीन माझ्या तोंडावर हसली नाही, तेच जास्त लागलं.

उत्तर लवकर यावं, गोड नसलं तरी चालेल.
ओलिव्ह

—

न्यू नॉरफोक
३ मार्च १९६३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उरलेल्या बाटल्यांची बुचं कोणी उघडू नका. त्या जमिनीत खड्डा करून पुरा आणि वरून ओली माती टाका. भावजींना पुन्हा आत पाठवू नकोस. त्यांना कुठे काच लागली नाही ना, ते आधी कळव.

सोबत कागदावर आईचा चमचा ठेवून पेन्सिलीने कड काढली आहे. बघ. आई डावखुरी. पन्नास वर्षं तिने त्याच चमच्याने हंड्याचं बूड खरवडलं. एक बाजू झिजून गेली, अर्धाच उरलाय. त्यात सपाट एक म्हणजे तुझ्या चमच्याच्या निम्म्याहून कमी. तू दुपटीने साखर घातलीस, तिचा बंद बाटलीत वायू होतो, आणि वर तुमच्याकडचं ऊन.

हे मला आज सुचलं असं लिहिणार होते. लिहून फाडलं. कृती लिहिताना चमचा माझ्या समोरच होता. तुझ्याकडे तो नाही हे मला माहीत होतं, आणि मी ‘आईच्या चमच्याने’ असंच लिहिलं. बाटल्या फुटतील असं मनात नव्हतं. बिअर तुझी बिघडावी, एवढं होतं.

तुला मुलगा, सून, नातवंडं. नोएलीनने मला पत्र घातलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. कोणाच्या तरी लग्नात माझ्या हातचं काही असणार होतं. मग तुझं पत्र आलं. आई तुला दर रविवारी आठवायची, ताई. भरवत मी असायचे, आणि ती विचारायची ओलिव्हचं पत्र आलं का.

पुढे लिहायला तोंड नाही.
म्युरिएल

—

ओयेन
११ मार्च १९६३

चि. म्युरिएल हिस,
अ. उ. आ., यावेळी पुरते.

पर्सीला लागलं नाही. बादलीला पोचा आलाय. बाटल्या पुरल्या, त्यातल्या दोन जमिनीतसुद्धा फुटल्या.

तुझं पत्र पर्सीला वाचून दाखवलं. तो म्हणाला की चुलीत घाल. मी घातलं नाही. मी तुला दिवसभर शिव्या दिल्या, भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. तू हलकटपणा केलास, आणि तो मी लिहून ठेवते म्हणजे नंतर गोड बोलून पुसता येणार नाही. कोणाचा डोळा गेला असता तर तुझ्या माझ्यात शब्द उरला नसता.

संध्याकाळी दमले तेव्हा दुसरंच मनात आलं. मला साठ वर्षं वाटत होतं की हेवा मी एकटीच करते. तुझे केस, तुझं शिवण, आईचं तुझ्याकडे राहणं. तू तिकडे बसून माझ्या पोरांचा करतेस हे कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतंस तर मला केवढं बरं वाटलं असतं.

आता काम. जहाजाने मेलबर्नला ये, तिथून रेल्वेने. पर्सी स्टेशनवर असेल. बिअर तूच कर, माझ्या हंड्यात. मी बाटल्या धुईन. नोएलीनला सांगितलं की बिअर म्युरिएल मावसआजीची. सांगताना दात दुखले. पण सांगितलं.

उशीर करू नये, एवढीच विनंती.
ओलिव्ह

—

ओयेन
९ मे १९६३

चि. म्युरिएल हिस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलीस हे कळलं. मांजर उपाशी राहिलं नसणारच, ते तुझ्यासारखंच आहे, स्वतःचं बघतं.

लग्नातल्या बिअरची इकडे अजून चर्चा आहे. एकही बाटली फुटली नाही. नवऱ्या मुलाचा काका परवा सांगत होता की इतकी स्वच्छ बिअर त्याने आयुष्यात प्यायली नाही. मीही मान हलवली. माझ्या मानेला सवय होत चाललीय.

ॲव्हिसने सांगितलं की नोएलीनने मधुचंद्राच्या सहलीवरून पहिलं कार्ड तुला पाठवलं, तू तिला तसं लिहिलंस म्हणे. आम्हाला अजून आलेलं नाही. मी पोस्टात दोनदा जाऊन आले, मग पर्सीला पाठवलं.

त्यात काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द उतरवून पाठव. मूळ कार्ड पाठवू नकोस, ते तुझं आहे.

तुझी
ओलिव्ह