अंगठा मुठीत

शनिवार, १५ मार्च
जहाजावर, डेक एक. उद्या सकाळी गॅल्व्हेस्टन.

प्रिय लायल,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतोय? या दिवसांत गळाला लावायच्या जिवंत कोळंबीला गिऱ्हाईक बरं असतं, म्हणजे तू पहाटेपासून टाक्यांत हात घालून बसलेला असशील. इकडे हवा छान आहे, समुद्र शांत आहे, मीही ठीक आहे.

मार्ली बरी आहे. खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. वरच्या ओठाला चार टाके पडलेत आणि पुढचा एक दात अर्धा तुटलाय, पण पोरगी खणखणीत आहे. आज सकाळी तिने तीन अंडी खाल्ली, तीही मला शिव्या घालत. हे पत्र तीच तुझ्या हातात देईल. दारात तिचं तोंड बघून घाबरू नकोस. आधी तिला आत घे, मग वाचायला बस.

अकरा वर्षांत नाताळच्या कार्डावरच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलं नाही. आज वेळच वेळ आहे. मला जहाजाच्या कोठडीत ठेवलंय. आपण दोघं या कंपनीत सोळा वर्षं एकत्र राहिलो, पण इथे कोठडी असते हे ऐकूनच माहीत होतं. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या शेजारी आहे, त्यामुळे सारखी घरघर चालू असते. बाहेर थापा नावाचा नेपाळी रखवालदार बसतो. पूर्वी पलटणीत होता. काल रात्रीचं जेवण आत देताना म्हणाला, "साहेब, तीन वर्षं तुमचा खेळ बघतोय. आज पहिल्यांदा आवडला."

तू उतरलास तेव्हा जहाजावरच्या करमणुकीला थोडीफार इज्जत तरी होती. बारा वादक होते, आठवतं? आता संगीत डबीतून वाजतं. दुपारी तलावाकाठी छातीवरच्या केसांची स्पर्धा असते, ती संपली की पोटावर पाण्यात आदळायची. बोमाँटचे तीनशे पौंडी आजोबा फळीवरून धाडकन पडतात आणि लोक त्यांना आमच्यापेक्षा जास्त टाळ्या देतात. जादूगाराला जानेवारीत उतरवलं, कारण त्याचं कबूतर बिंगो चालू असताना सुटलं. आमचा चाच्यांचा खेळ तेवढा जुना उरलाय. तोच कप्तान, तीच दोराची उडी, तीच शेवटची मारामारी. तुझा डोळा गेला आणि पुढच्या महिन्यात एकाक्ष कप्तानाचं काम मला मिळालं. अकरा वर्षं मी रोज दोनदा चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतो. बांधताना आरशात बघत नाही.

सफर संपत आली की प्रवासी फोनवर गुण देतात, दहापैकी. तीन सफरी सातच्या खाली गेलात की खेळ बंद, सामान उचला. आम्हाला एकदा सहा पॉइंट दोन मिळाले, मग सहा पॉइंट चार. ही तिसरी सफर होती. शेरे एकाच प्रकारचे होते. खोटी मारामारी. मार लागत नाही हे दिसतं. नातवाला झोप लागली.

नवा करमणूक-प्रमुख आहे हॅस्केल म्हणून. जमिनीवरच्या नाटकांतून आलेला, पस्तिशीचा, दात पांढरेशुभ्र. आरमाराच्या अधिकाऱ्याचं काम करणारा गडी आजारी पडला तेव्हा हा म्हणाला, मीच करतो, तुम्हाला दाखवतो कसं करतात ते. तालमीत तो मार्लीवर ओरडला.

"तू प्रत्येक फटक्याआधी थांबतेस का? आणि हाताचं काय करतेस?"

"खूण देते, साहेब. मार खाणाऱ्याने अंगठा मुठीत घेतला की मगच मारणाऱ्याने मारायचं. फटका मार खाणाऱ्याचा असतो, कधी बसायचा ते तोच ठरवतो."

"तू तर दोनदा घेतेस!"

"बाबांनी दोनदा शिकवलंय."

"तुझ्या बाबांना गुण द्यायचे नव्हते. खुणा-बिणा बंद. लोकांना ते थांबणं दिसतं."

मार्ली तुझीच पोरगी. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खूण नाही तर मार नाही. पाहिजे तर तुम्ही केसांच्या स्पर्धेत उतरा, तिथे खूण लागत नाही." सगळे हसले. हॅस्केलही हसला. तेव्हाच मला ते हसणं आवडलं नव्हतं.

ती दोनदा का घेते हे मला ठाऊक होतं, लायल. ती या खेळात आली तेव्हा पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली, तिचा अंगठा आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, आणि माझा हातच उठेना. म्हणाली, "काका, बाबांनी घाईत खूण दिली म्हणून त्यांचा डोळा गेला ना? म्हणून मी आधी स्वतःला विचारते आणि मगच तुम्हाला सांगते." मी तिला म्हटलं, चांगली सवय आहे.

बुधवारी हॅस्केलने तिला उघड्या हाताची खरी थोबाडीत मारली. ती बिचारी समजली, नवखा माणूस आहे, अंतर चुकलं. मला बोलली नाही. लोकांनी मात्र शिट्ट्या मारल्या आणि त्या त्याने ऐकल्या.

काल दुपारचा खेळ होता. बंदर नव्हतं, त्यामुळे नऊशे खुर्च्या भरलेल्या. मी नेहमीप्रमाणे वरच्या फळीवर दोर धरून उभा. खाली ती दोघं तलवारी घेऊन फिरत होती. जहाज जरा डोललं आणि मार्ली तोल सावरत प्रेक्षकांकडे वळली. तिचा हात मला वरून स्पष्ट दिसत होता, पाची बोटं पसरलेली. हॅस्केलने तो हात पाहिला. पाहिला, लायल, मी शपथेवर सांगेन. आणि तलवारीच्या मुठीने तिच्या तोंडावर हाणलं.

लाकडी फळीवर दात पडल्याचा आवाज फार बारीक असतो. मला तो वर ऐकू आला.

मी उडी घेतली ती ठरलेल्या जागेच्या चार पावलं अलीकडे. डोलकाठीजवळ दोर बांधायचे लाकडी खुंटे असतात, आपल्या वेळचेच, ओकचे. त्यातला एक उपसला. पहिला फटका त्याच्या तलवारीच्या हातावर बसला आणि कोपराच्या खाली हाड मोडलं. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. लोक उभे राहिले. दुसरा जबड्यावर. तो पडला. मी खुंटा टाकून दिला आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवला. बरगडी माझ्या गुडघ्याखाली आत गेली. मग नुसत्या मुठींनी मारत राहिलो. त्याचे ते पांढरे दात माझ्या बोटांत रुतले. डबीतले ढोल वाजत होते आणि नऊशे माणसं त्या तालावर टाळ्या देत होती. कोणी तरी बाई ओरडली, "मार, कप्तान, मार!" आणि मला तिचा राग आला नाही. मजा येत होती मला. हे लिहायला लाज वाटते, पण येत होती.

त्याचा जबडा लोंबत होता, बोलता येत नव्हतं. त्याने न मोडलेला हात वर केला. पंजा सताड उघडा, अंगठा बाहेर. माझ्या नाकासमोर धरला होता त्याने तो. मी तो पाहिला आणि पुन्हा मारलं.

मागून मार्ली माझ्या गळ्यात पडली. तोंडातून रक्त गळतंय, शब्द धड फुटत नाही, आणि ती किंचाळत होती, "काका, पुरे! अंगठा बाहेर आहे! त्याचा अंगठा बाहेर आहे!"

तिचा दात पाडणाऱ्यासाठी ती हे ओरडत होती. तेव्हा माझे हात थांबले.

पडदा पडला. टाळ्या मात्र थांबेनात. हॅस्केल जगेल, डॉक्टर म्हणतो. जबडा तारेने बांधलाय, हाताला गॅल्व्हेस्टनला शस्त्रक्रिया. रात्री डॉक्टरनेच मला गुणांचा आकडा सांगितला. नऊ-सात. एका गृहस्थाने लिहिलं होतं, रक्त अगदी खऱ्यासारखं होतं, पुढच्या वर्षी मुलांना घेऊन येऊ.

आज सकाळी थापाने मार्लीला आत सोडलं. ती खाटेच्या कडेला बसली, माझी सुजलेली बोटं बर्फात बुडवली आणि म्हणाली, "काका, एक सांगा. नऊशे माणसांतल्या एकालाही कळलं नाही की तो फटका खरा होता. तुम्हाला वरून, एका डोळ्याने, एका क्षणात कसं कळलं?"

मी म्हटलं, चाळीस वर्षं हेच करतोय.

"तरी पण," ती म्हणाली. मग बर्फ ढवळत म्हणाली, "बाबांनी निदान खूण तरी दिली होती. मी तर तीही दिली नव्हती."

एवढं सगळं होऊनही मी तिला खरं सांगितलं नाही, लायल. ती गेल्यावर थापाकडे कागद मागितला.

अकरा वर्षांपूर्वी, तुझा डोळा गेला त्या दिवशी सकाळी, जमैकाच्या अलीकडे, आपण न्याहारीला बसलो होतो. तू म्हणालास, "व्हर्न, मी उतरतोय. मार्ली फोनवर मला 'सर' म्हणाली, परक्या माणसाला म्हणावं तसं." मी म्हटलं, आणि मी? आपला खेळ दोघांचा आहे. तू पावासारख्या मऊ बिस्किटावर रस्सा ओतत म्हणालास, "तुझ्यासोबत म्हातारं व्हायचं नाही मला." तू हसत म्हणालास. कदाचित चेष्टेतच. मला ते दिवसभर पचलं नाही.

खेळात तू माझ्यासमोर आलास. जहाज डोललं नव्हतं. तू घसरला नव्हतास. तुझा हात मांडीपाशी होता आणि अंगठा बाहेर होता. मी तो नीट पाहिला आणि खुंटा फिरवला. डोळा फोडायचा नव्हता मला. पण मारायचं होतं. चार दात पडावेत, तू महिनाभर माझ्या केबिनमध्ये पडून राहावंस, मी तुला पेज भरवावी आणि तुझं उतरणं राहून जावं, एवढंच डोक्यात होतं. तू मान वळवली नाहीस, कारण तुला फटका येणार हेच माहीत नव्हतं. बुबुळ फुटून तुझ्या गालावर आलं. लोक तेव्हाही टाळ्या वाजवत होते.

किंग्स्टनच्या इस्पितळात तू शुद्धीवर आलास. तुला काहीच आठवत नव्हतं. तू विचारलंस, "मी खूण दिली होती का रे?" मी म्हटलं, दिली होतीस, मी पाहिली. कंपनीच्या चौकशीतही तेच सांगितलं आणि खाली सही केली. मग तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "माफ कर, व्हर्न. माझ्या घाईने तुझा खेळ मोडला." बँडेजखालून पाणी येत होतं तुझ्या. मी म्हणालो, जाऊ दे, माफ केलं.

मी तुला माफ केलं!

अकरा वर्षं तू तुझी नसलेली चूक पोरीला शिकवत आलास. ती रोज दोनदा अंगठा दुमडून ती चूक टाळते. त्या आठवड्यात आपल्याला नऊ-चार मिळाले होते. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. का ठेवला, विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

काल मी मार्लीसाठी मारलं असं सगळं जहाज बोलतंय. स्वयंपाकघरातून कोणी तरी मला पेकन-पाय ही गोड पेस्ट्री पाठवली. मला ती गिळवली नाही. पहिला फटका मार्लीसाठी असेल. पुढचे मी ज्याला मारत होतो त्याच्याकडे खुंटा होता आणि त्याचं तोंड माझ्यासारखं होतं. शेवटचा फटका, तो पंजा पाहिल्यानंतरचा, तो मात्र नुसता माझा होता. दुसऱ्यांदा पाहून मारलं. उद्या पोलिस विचारतील तेव्हा हेच सांगणार आहे, आणि तुझ्या वेळचंही सांगणार आहे. सही जशी केली तशी खोडायलाही यायला हवी.

पाकिटाला डिंक लावलेला नाही. मघाशी मार्ली पुन्हा आली तेव्हा तिला म्हटलं, वाचायचं तर वाच. म्हणाली, "दुसऱ्याचं पत्र वाचत नाही मी. बाबा वाचून दाखवतील." दाखव, लायल. आणि तिला सांग, एकदाच अंगठा घेतला तरी चालतो. तिच्या बाबांचं कधीच चुकलं नव्हतं.

उद्या आठ वाजता ती आधी उतरेल, पत्र घेऊन तुझ्या दुकानाकडे येईल. मला सगळे प्रवासी गेल्यावर, दुपारी बाराच्या सुमाराला, मागच्या फळीवरून उतरवतील. टेक्सास सिटीतल्या तुझ्या दुकानापासून धक्का अर्ध्या तासावर आहे. तू यावंस असं म्हणायचा मला अधिकार नाही. आलास तर कुंपणापाशी उभा राहा, मी तुला शोधेन.

हातकड्या असतील, पण तेवढं जमतं, मी इथे करून पाहिलंय. फळीवर पाऊल ठेवल्यापासून दोन्ही अंगठे आत असतील. तू शिवी दे, थुंक, पाठ फिरव, नाही तर येऊच नकोस. या वेळी खूण खरी आहे, आणि फटका तुझा.

अंगठा मुठीत धरून,
तुझा भाऊ
व्हर्नन