नाकातली शीळ

प्रिय माय,

उद्या सकाळी आपल्या ऋतुजाच्या नाकाचं ऑपरेशन आहे. तुला विचारल्याशिवाय घरातली चूलसुद्धा कधी हलवली नाही, मग हे कसं करू? म्हणून लिहायला बसलो.

पोरीचं नाक म्हणजे तुझंच नाक. डावीकडे झुकलेलं, एक नाकपुडी मोठी, एक बारीक. डॉक्टर म्हणाले, आतलं हाड सरळ केलं की दिसायलाही नीट होईल आणि श्वासही मोकळा होईल. मी विचारलं, "मग शीळ?" ते म्हणाले, "कसली शीळ?"

त्यांना काय माहीत? लहानपणी धाड गावच्या बाजारात तुझ्या मेथी-सांभाराच्या जुड्यांच्या ढिगामागे पोत्यावर पेंगताना, तुझ्या नाकातली ती बारीक शीळ कानावर आली की मी निर्धास्त व्हायचो. माय इथंच आहे. आज पाण्याच्या मोटारीचा नुसता आवाज ऐकून आत काय बिघडलं ते सांगतो, दुरुस्तीचं दुकान त्यावरच उभं राहिलं. पण हे कान तयार केले ते तुझ्या नाकानं! तू गेल्यावर ती शीळ उरली फक्त ऋतुजाकडे. ती कशी घालवू? "पाहू, पाहू" करत टाळत राहिलो.

शेवटी पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसतं ऐकता. मी फोटोत नेहमी एकाच बाजूनं उभी राह्यते, हे पाह्यलं का कधी?"

अल्बम काढला. खरंच होतं. आणि त्याच अल्बममध्ये तू, प्रत्येक फोटोत पदर नाकावर. मी समजत होतो, लाजतेस.

मग आठवलं. ही तान्ही असताना, न्हाऊ घालताना तू तेलाच्या चिमटीत तिचं नाक धरून रोज सरळ ओढायचीस. मी म्हणायचो, "माय, काऊन रडवून राह्यली पोरीले?"

"तुले काय समजते रे? वाकड्या नाकाची म्हनून घेत जल्म गेला माह्या. हिले नाही म्हनू देत."

मी हसण्यावारी नेलं. पण एवढं लागत होतं, तर त्याआधी कधीच का बोलली नाहीस?

असो. तुझ्या चिमटीचं राहिलेलं काम उद्या पुरं होईल. पट्टी निघाली, सूज उतरली, की तिचा अगदी समोरून फोटो काढून तुझ्या फोटोशेजारी लावीन. शब्द देतो.

आणि शिळेची काळजी नको. तुझी सून म्हणते, झोपेत ती आता माझ्या नाकातून येते. माझं नाक मी आहे तसंच ठेवतो.

तुझा
गजा