जुन्या चिपा

उस्मानाबाद, ११ एप्रिल १९८९

दोन महिने या वहीकडे फिरकलो नाही, त्याची लाज वाटते. आज मात्र लिहायलाच हवं.

दूध संघातला कॉम्प्युटर सकाळी सुरू होताना मेमरी मोजता मोजता अर्ध्यातच थांबला. सोलापूरचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, मेमरीच्या जुन्या अन् नव्या चिपांचा मेळ बसंना. जुन्या काढा." गेल्या आठवड्यात नव्या बसवतानाही त्यानं हेच सांगितलं होतं. तेव्हा मीच अडलो. चालू वस्तू कशाला काढायची, म्हणालो. खरं होतं का ते? नाही. त्या जुन्या चिपा माझ्या शेजारी बसणाऱ्या वसंतरावांनी पुस्तकात बघून स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या शेतातली विहीर आटली आणि ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला गेले. त्यांचं टेबल अजून रिकामंच आहे. सकाळी पडद्यावर आकडे चढू लागले की ते म्हणायचे, "मोजू द्या त्याला, आपल्याला कुठं घाई हाय!" तेवढ्यात आमचा चहा व्हायचा.

आज पावत्यांसाठी दूध घालणाऱ्या बाया दुपारपर्यंत उन्हात उभ्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या यंतरापरीस माझी म्हैस शहाणी, येळेवर देती तरी!" सगळे हसले, मीही हसलो. पण त्यांना ताटकळत ठेवलं होतं मी.

वसंतरावांना वर्षभरात एक पत्र लिहिलं नाही. आकडे चढताना मात्र रोज त्यांच्या टेबलाकडे बघतो.

नुसत्या नव्या चिपांवर मोजणी चटकन संपते म्हणे. तेवढ्यात चहा व्हायचा नाही.

उद्या सकाळी: जुन्या चिपा स्वतः उभं राहून काढून घेणे.