बुधवारची बाई

प्रिय ठके,

पत्र बघून दचकू नकोस. तुझे भावजी आहेत तसेच आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? माझी दोन वाक्यं झाली की तुझी प्रार्थना सुरू होते, आणि आमेन म्हटलं की नेमकं तुझ्या दारावर कोणीतरी येतं. पत्रात कसं, माणसाला शेवटपर्यंत वाचावं लागतं. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे, मनगट धरलंय. आडव्या माणसाला कुशीवर वळवायचं म्हणजे कंबरेचा काटा ढिला होतो बघ. आणि भावजी काही हलके नाहीत. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, पण वजन तेवढं राहिलं.

मी दमलेय गं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ताई अशी का बोलतेय म्हणून कोड्यात पडायला नको. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, चादर बदलायची, भरवायचं, भरवलेलं अर्धं बाहेर येतं ते पुसायचं, पाठीला पावडर लावायची, की परत भरवायची वेळ झालीच. झोप म्हणशील तर लागते, पण कान त्यांच्या श्वासाकडे असतात. परवा देवाशी बोलायला बसले तर काय मागायचं तेच आठवेना. मग नुसती बसून राहिले. त्यालाही कळत असेल.

त्या बाईचं तुला माहीतच आहे. माझ्यापेक्षा तुलाच जास्त माहीत आहे, असं लोक म्हणतात. तरी जसं घडलं तसं परत सांगते. भावजींना घरी आणून थोडेच दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडत होते आणि देवाला म्हटलं, बाबा रे, मोठं काही नको, कोणीतरी पाठव, मला तासभर पाठ टेकू दे. दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, बेल वाजली. दारात एक बाई. म्हणाली, मी चर्चमधून आलेय, आजारी गृहस्थांजवळ बसायला. मला वाटलं, आपल्या पाळकबाईंनी पाठवलं असेल. मी तिला आत घेतलं, खोली दाखवली आणि पलंगावर जाऊन जी पडले ती थेट दिवेलागणीला उठले. तेव्हापासून एक बुधवार तिने चुकवला नाही. नाव सांगत नाही, चहा घेत नाही, काही विचारत नाही. आली की भावजींना पेपर वाचून दाखवते, जागा विकणे आहेच्या जाहिरातींसकट. राशिभविष्यसुद्धा वाचते आणि वर त्यांना बजावते की हे सगळं थोतांड असतं हं. भावजी अर्ध्या तोंडाने हसतात. माझ्यासमोर ते असे कधी हसत नाहीत.

मग मी पाळकबाईंचे आभार मानायला गेले, तर त्या म्हणाल्या, आम्ही तर कोणालाच पाठवलेलं नाही. झालं! मी ते तुला फोनवर गंमत म्हणून सांगितलं आणि तू किंचाळलीस, ताई, देवदूत! पुढच्याच रविवारी तू उपासनेत उभी राहून साक्ष दिलीस. पाठोपाठ दुसऱ्या चर्चच्या मंडळींनी तुला बोलावलं, मग तिसऱ्यांनी. परवा औषधांच्या दुकानात एका अनोळखी बाईने माझा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, तुमच्याच घरी ना ती पांढऱ्या वस्त्रातली येते? अगं, कसली पांढरी वस्त्रं? मातकट स्वेटर असतो तिचा, कोपरावर उसवलेला. पावलांचा आवाज येत नाही म्हणे! जिना चढताना अशी धापा टाकते की दुसऱ्या मजल्यावरच मला कळतं, आली. आणि खोलीत उजेड पसरला तो मी ट्यूब बदलली म्हणून. तिखटमीठ लावायची तुझी सवय लहानपणापासूनचीच.

पण तुला एकटीला कशाला बोलू? मीही गप्पच बसले होते. मलाही ते हवं होतं. आठवतं का, आई दारावर कोणीही अनोळखी आलं की आपल्याला दटावायची, नीट उभ्या राहा, देवदूत असेल. मग आपण विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसापुढेसुद्धा हात जोडून उभ्या! तू त्याला तुझं बिस्किट दिलंस आणि विचारलंस, तुमचे पंख कुठे आहेत. तो बिचारा म्हणाला, धुवायला टाकलेत. तू ते खरं मानलंस आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या दोऱ्यांवर पंख शोधत हिंडलीस. आईचा तो विश्वास माझ्यात कुठेतरी राहिलाच होता. एवढ्या लोकांतून देवाने माझं घर निवडलं, असं मनाशी म्हटलं की पुढची चादर बदलायला जरा बळ यायचं. खोटं कशाला सांगू?

आता मागच्या बुधवारचं ऐक. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून भावजींसाठी हवेची गादी मागवली होती. बाई आली, मी आडवी होणार, तेवढ्यात गादीवाल्याचा फोन, पार्सल दिलं म्हणून. कुठे दिलं? तर मागच्या इमारतीत. हे आमच्याकडे नेहमीचंच. दोन्ही इमारतींचा रंग एक, जिने एकसारखे, आणि गेल्या वर्षी रंगकाम झाल्यापासून दारांवर पाट्यासुद्धा नाहीत. चरफडत मागे गेले. तिसरा मजला, डावीकडचं दार, जसं आमचं. दार उघडंच होतं. आत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मागाहून कळलं की ते शिंपी, नजर जवळजवळ गेलेली, मागेपुढे कोणी नाही, शेजारीण दोन वेळचं आणून देते. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांच्यासमोर एक रिकामी खुर्ची, तिच्यावर उशी. माझी चाहूल लागताच ते धडपडत उठले आणि म्हणाले, या, या, आज बुधवार ना? चर्चमधून आलात ना?

ठके, मी म्हटलं, नाही हो, मी गादी न्यायला आले. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून मलाच बसायला सांगितलं. बाजारापलीकडच्या चर्चच्या मंडळीत ते वर्षानुवर्षं जायचे. डोळे गेल्यावर त्यांनी तिथे निरोप दिला होता की आठवड्यातून कोणी घटकाभर येऊन काही वाचून दाखवलं तर बरं होईल. बुधवारी पाठवतो, असं उत्तर आलं होतं. तेव्हापासून दर बुधवारी ते दाढी करून, शर्ट घालून, खुर्ची मांडून बसतात. कोणी आलं नाही. मी विचारलं, परत निरोप का नाही दिला? तर म्हणाले, माझ्यापेक्षा जास्त गरज असलेलं घर सापडलं असेल त्यांना, मी कशाला भुणभुण लावू? मला तोंड वर करून बघवेना. ते बघू शकत नाहीत तरीही.

गादी ओढत घरी आले. बाई भावजींना हवामानाचा अंदाज वाचून दाखवत होती. मी तिला बाहेर जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. ती मटकन पायरीवर बसली. त्यांच्या मंडळीत भेटीला जाणाऱ्यांना शिकवतातच म्हणे, की आपलं नावगाव सांगत बसायचं नाही, आजार विचारायचा नाही, घरच्यांना प्रश्न करून अवघडवायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. तिला एवढंच सांगितलेलं, तिसरा मजला, डावीकडचं दार, एक आजारी गृहस्थ आहेत. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर डावीकडे आजारी गृहस्थ होतेच! आणि परत जाऊन ती सांगायची, छान चाललंय, हसतात आता. म्हणून तिथेही कोणाला शंका आली नाही. बोलता बोलता ती रडायला लागली. मग हसायला लागली. मग दोघीही हसलो, येड्यासारख्या, आणि आतून भावजींनी आवाज केला तेव्हा गप्प झालो. लॉन्ड्रीत कामाला आहे ती. बुधवारी अर्धा दिवस सुट्टी, तेवढीच. जाताना म्हणाली, ताई, आता तुम्ही सांगाल तसं करते. तुम्ही या म्हणालात तर इथेच येईन.

असं माझ्या गळ्यात टाकून ती निघून गेली. तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. देवदूत अजून येतात का, यावर तू चांगलं तासभर बोलतेस, लोक रुमाल काढतात. मला विचारशील तर येतात. मी फरशीवर बसून मागितलं आणि दुसऱ्या दिवशी बेल वाजली, हे काही मी नाकारत नाही. ती हाडामांसाची आहे म्हणून देवाने पाठवलं नव्हतं, असंही मी म्हणणार नाही. पण मग त्या शिंप्याने मागितलं होतं त्याचं काय? माझी हाक ऐकली आणि त्याची ऐकली नाही? तुझ्या साक्षीत तो माणूस कुठे बसवायचा, सांग. मला सुचत नाही. पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत. खरंच आहे. पण बटणं लावून बसलेला म्हातारा मला कळतो, आणि मी रोज त्याच्या खिडकीखालून जाते.

बाईने एक तोडगा सुचवला होता, एक बुधवार इकडे, एक तिकडे. क्षणभर मला हायसं वाटलं. मग विचार केला, त्या माणसाला कोणीच नाही. त्याच्याशी मी वाटणी कशाची करू? मला तर बहीण आहे.

आता रागावू नकोस, पण मला तुझा राग आलाय, आणि तो पोटात ठेवून आणखी थकायची माझी तयारी नाही. भावजी घरी आल्यापासून तू एकदाच आलीस. फळं घेऊन आलीस, त्यांच्याकडे एकदा बघितलंस आणि गॅलरीत जाऊन उभी राहिलीस. निघताना मला म्हणालीस, ताई, मी रोज प्रार्थना करते. तू करतेसच, मला माहीत आहे. मला हेही माहीत आहे की ज्यांनी तुला स्कूटर शिकवली, तू कुंपणात घातलीस तेव्हा आईला खोटं सांगून स्वतः बोलणी खाल्ली, त्यांच्या तोंडातून लाळ गळताना तुला बघवत नाही. मलाही बघवत नव्हतं. सवय होते. ते तुला विसरलेले नाहीत. फोनवर तुझा आवाज ऐकला की मान वळवतात. आमच्या घरी देवदूत येतो असं तू ठरवलंस, त्यात तुझी थोडी सोय होती, असं मला वाटतं. तिकडून कोणीतरी येतंय म्हटल्यावर इकडून कोणी यायला नको. चुकत असेन तर मला तसं तोंडावर सांग.

तर पत्र लिहायचं कारण हे. काल मी त्या लॉन्ड्रीत जाऊन बाईला सांगून आले, या बुधवारपासून तुम्ही मागच्या इमारतीत जा, ते वाट बघतायत. तिने विचारलं, मग तुमच्याकडे कोण? मी म्हटलं, माझी बहीण येते. तुला न विचारता बोलून बसले. तुला वाचायचा पेपर मी काढून ठेवीन, भावजींच्या डाव्या बाजूला बस म्हणजे त्यांना ऐकू येतं. काही बोलायचं सुचलं नाही तरी चालेल. मला फक्त झोपायचंय. बुधवारी दुपारी मी दार नुसतं लोटून ठेवीन.

तुझीच दमलेली,
ताई